मदत हवी आहे : कोल्हापूरच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा इतिहास

नमस्कार मंडळी. आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा इतिहास लिहायला घेतलाय. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या सगळ्या तालमीच; कुस्तीच्या आखाड्याशेजारी फुटबॉल रुजला, हे बाहेरच्यांना पटवता पटवता दमायला होतं! कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला तेव्हा कुठे लोकांनी विचारायला सुरुवात केली.

अडचण अशी की लेखी काहीच नाही. जुन्या खेळाडूंकडे बसलं की शाहू स्टेडियमवरचा एकेक गोल रंगवून सांगतात, पण साल विचारलं की दोघांत वाद. तालमीत एक संघाचा फोटो आहे. मागची रांग उभी, पुढची मांडी घालून, दोघे अनवाणी, मध्ये वादीनं आवळलेला चामड्याचा बॉल. खाली नावं होती, ती ओलीनं गेली. शिवाय फोटो काचेला चिकटलाय.

तर तो न फाटता कसा सोडवायचा? की काचेवरूनच स्कॅन करावा? दुसरं, १९६०-७० च्या सामन्यांच्या बातम्यांसाठी वर्तमानपत्रांचे जुने अंक कुठे चाळायला मिळतील? करवीर नगर वाचन मंदिरात कुणी पाहिलेत का? आणि कुणाच्या घरी जुनी हँडबिलं, पावतीपुस्तकं, बक्षिसाच्या ढाली असतील तर फोटो काढून पाठवा. विरोधी तालमीचे असलात तरी चालेल, उलट बरंच. आमच्या पराभवांची नोंद तुमच्याकडेच नीट असणार.