‘जाहिरात’ ही चार अक्षरं छापायला काय जातं?

मोंढ्यावरून

दिवाळीआधी माळा आवरताना वडिलांनी जपून ठेवलेला ऑक्टोबर २००९ च्या पेपरांचा गठ्ठा सापडला. विधानसभेच्या मतदानाआधीचे दिवस. दोन वेगवेगळ्या दैनिकांची पानं शेजारी शेजारी फरशीवर पसरली. मुख्यमंत्र्यांच्या कौतुकाचा लेख शब्दन् शब्द तोच, आणि दोन्हीकडे बातमी म्हणूनच छापलेला. कुठेही ‘जाहिरात’ नाही.

पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘द हिंदू’त हे मांडलं होतं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून लढत होते, पेपरांत पानंच्या पानं ‘अशोकपर्व’ चाललं होतं आणि त्यांच्या निवडणूक खर्चात पेपरांतल्या जाहिरातींचा आकडा होता ५,३७९ रुपये. पैसे देऊन छापून आणल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. निवडणूक आयोगाची नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केली, म्हणून त्यांच्यावर मी पुन्हा आरोप करत नाही. माझा प्रश्न पेपरांना आहे. तोच लेख दोन ठिकाणी कसा आला, हे वाचकाला कुणी सांगितलं? माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. छापून आलंय म्हणजे कुणीतरी तपासलं असणार, असं ते शेवटपर्यंत मानत. त्यांचा विश्वास असा वापरला गेला, याचा मला आजही संताप येतो.

पान चार

मी एका जिल्हा आवृत्तीच्या जाहिरात विभागात अकरा वर्षं होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पेपर तुमच्या दारात मोजक्या रुपयांत पडतो. त्यातूनच एजंटाचं कमिशन जातं. उरलेल्या पैशात कागदाचाही खर्च निघत नाही, मग छपाई, गाड्या, पगार कशातून करायचे? तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, जाहिरातीवरचं कमिशन हीच त्याची कमाई. आमदाराच्या वाढदिवसाची पुरवणी आली की तो बिचारा सरपंच, पतसंस्था, बाजार समिती असं दारोदार फिरतो. आणि त्याच आमदाराविरुद्ध त्यानं लिहावं, ही तुमची अपेक्षा. पेपर पंधरा रुपये करा म्हटलं तर किती जण घेतील? मालकाला शिव्या देणं सोपं आहे हो, पण फुकटाच्या भावातल्या बातमीची किंमत कुणीतरी मोजतच असतं.

आठवडी बाजार

दादा, मी तोच वार्ताहर. पगाराचं तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः खरं आहे. पण आमच्याकडे जे घडलं तेही ऐका.

एक निवृत्त मास्तर अपक्ष उभे होते. बाजाराच्या दिवशी पाराजवळ त्यांची सभा झाली, चारेकशे माणूस असेल. ते पाण्यावर बोलले, आकडे देऊन बोलले. मी चौदा ओळी लिहून पाठवल्या. आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवल्या. डेस्कवरून फोन आला, “त्यांना आधी जाहिरातवाल्यांशी बोलून घ्यायला सांगा.” चौथ्या दिवशी मास्तर तीन पेपर काखेत घेऊन घरी आले. ओट्यावर बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, “यात माझं नाव कुठंच नाही. मी उभा आहे की नाही, तेवढं सांग.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कौतुक विकत घेतलं जातं यावर सगळे बोलतात. माझ्या मते न छापणं हे त्याहून वाईट. खोटं छापलं तर निदान खुलासा तरी मागता येतो.

कोथरूड

मला हा सगळा सूरच पटत नाही. तटस्थ बातमी हे कधी नव्हतंच. केसरीसुद्धा एका मताचाच पेपर होता. आणि पत्रकारांना सरसकट विकले गेलेले ठरवू नका. २३ नोव्हेंबर २०१९ आठवा. सकाळच्या पेपरांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, आणि आठच्या सुमाराला टीव्हीवर फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी. लोकांनी पेपरांना खोटारडं म्हटलं. पण आदल्या संध्याकाळी शरद पवारांनी जे सांगितलं तेच छापलं होतं! रात्रीत राज्यच बदललं, त्याला बातमीदार काय करणार?

मोंढ्यावरून

त्या दिवसाबद्दल तुमचं बरोबर, बातमीदारांचा दोष नव्हता. पण केसरीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. आगरकरांचं पटेना, ते १८८७ मध्ये केसरीतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. कोण काय मताचं आहे हे वाचकाला लख्ख दिसत होतं. आजही पक्षाचं मुखपत्र वाचताना आपण फसत नाही, कारण ते कुणाचं आहे हे माहीत असतं. बाजू घ्या, उघड घ्या.

विदर्भातली वकील

कायद्याचं थोडं. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगानं ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, कारण पेपरांतल्या मजकुराचा खर्च दाखवला नव्हता. म्हणजे पकडला जातो तो हिशेब, आणि अडकतो तो उमेदवार. छापणारा मोकळाच. पेड न्यूजला, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराला, स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवा, असं विधी आयोगानं २०१५ मध्ये सुचवलं होतं. आणि पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या समितीनं याच विषयावर पेपरांच्या नावानिशी लिहिलेला ७१ पानी अहवाल २०१० मध्ये कौन्सिलनंच अडवून धरला, माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो बाहेर आला. कौन्सिलनं तेव्हाच छापला असता तर आज आपण गठ्ठे चाळत बसलो नसतो.

पान चार

मास्तरांचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून धाग्याच्या शीर्षकाला उत्तर देतो. आमच्याकडे निवडणुकीत दोन दर असायचे. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’ टाकायची असेल तर कमी, टाकायची नसेल तर जास्त. अकरा वर्षांत कमी दराचं पान एकाही उमेदवारानं मागितलं नाही.