पॅच (कोडमधली दुरुस्ती) मूळ प्रकल्पाकडे परत पाठवायचा की ‘आपलं काम झालं’ म्हणून गप्प बसायचं?

पॅकेटवाला_ठाणे: अंधेरी एमआयडीसीतल्या एका क्लायंटकडे वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं उलगडून दाखवणारं मुक्त सॉफ्टवेअर) चांगल्या पॅकेटांवर ‘माल्फॉर्म्ड’, म्हणजे बिघडलेलं, असा शिक्का मारत होतं. यंत्रात खोट नव्हती. डिसेक्टर, म्हणजे पॅकेट उलगडणारा त्यातला कोड, लांबीचं फील्ड दोनऐवजी एकाच बाइटचं धरत होता. एका ओळीत काम झालं. मॅनेजर म्हणाले, “आपल्या बिल्डमध्ये टाक, बाहेर कशाला?” पुढची आवृत्ती आली, पॅच बसेना, पुन्हा सगळी झटापट. माझं मत, मूळ प्रकल्पात पाठवायलाच हवा.

कल्याण_स्लो: हवा म्हणायला काय जातं! जीपीएल, म्हणजे वायरशार्कचा परवाना, नीट वाचा. बदल घरातच वापरलात, कुणाला वाटला नाहीत, तर कोड द्यायची सक्ती नाही. शिवाय तिकडे सॅम्पल कॅप्चर (पकडलेल्या पॅकेटांची फाइल) मागतात. त्यात क्लायंटचे आयपी असतात. एनडीए (गोपनीयतेचा करार) मोडला तर नोकरी तुमची जाणार, प्रकल्पाची नाही.

पॅकेटवाला_ठाणे: खरं कॅप्चर द्यायचंच कशाला? मी स्कॅपी या पॅकेटं बनवायच्या साधनाने पाच पॅकेटं घरी बनवली. पत्ते १९२.०.२ वाले, ते कागदपत्रांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेत. चूक तेवढ्यात दिसली.

दादरची_अक्का: नेसस, ते सुरक्षेतल्या त्रुटी शोधणारं सॉफ्टवेअर, विसरलात का रे? २००५ मध्ये त्यांनी पुढच्या आवृत्तीचा कोड बंद केला. बाहेरून इंजिनात फारशी भर पडत नव्हती, हे त्यामागचं एक कारण. मग जुन्या कोडवरून ओपनव्हास हे तसंच मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. फुकट जेवायला पंगत मोठी, वाढायला कोणी नाही.

सायन_सर्कल: अक्का, वाढपी कोण आहे तेही बघा. २०२४ चं एक्सझेड (फाइल दाबून लहान करणारं मुक्त सॉफ्टवेअर) प्रकरण आठवतंय? दोनेक वर्षं गुणी मुलासारखे पॅच पाठवून एकाने विश्वास कमावला आणि ५.६.० मध्ये मागचं दार (गुपचूप शिरायची वाट) बसवलं. एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना खटकलं म्हणून पकडलं गेलं. आधीच दमलेल्या मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) डोक्यावर आणखी अनोळखी पॅच कशाला?

दादरची_अक्का: मग दुसऱ्यांचे पॅच तपासायला बसा की! ते काम कोणाला नकोच असतं. (मलाही नको असतं, खोटं कशाला बोलू.)

कल्याण_स्लो: स्कॅपीचं पटलं. पण कंपनीची लेखी परवानगी कशी मिळवलीत? मेलचा मसुदा टाका.

पॅकेटवाला_ठाणे: अजून मिळालेली नाही. लीगलकडे अडकलीय.