जुने हिरो गेले कुठे?
'गेमच्या सीक्वेलमध्ये जुने क्लास (खेळायला निवडता येणारी पात्रं) काढले की मालिकेची मजाच जाते' हे तुमचं म्हणणं सरसकट पटत नाही. 'डायब्लो २' (२०००) हा व्हिडिओ गेम घ्या. पहिल्या भागातले वॉरियर (योद्धा), रोग (Rogue, तिरंदाज बाई), सॉर्सरर (जादूगार) तिघेही निवडीतून गायब, पण कथेत आहेत! वॉरियरच्या अंगात खुद्द डायब्लो हा सैतान शिरलाय, रोग ब्लड रेव्हन होऊन स्मशानात मुडदे उठवतेय, सॉर्सररचा वेडापिसा समनर झालाय. ज्यांना घेऊन आपण खेळलो, त्यांच्यावरच तुटून पडायचं. काय डोकं लावलंय! शिवाय सांगाड्यांची फौज घेऊन फिरणारा नेक्रोमॅन्सर मिळाला, तो वेगळाच. 'डायब्लो ३'ने (२०१२) मात्र त्यालाच वगळून विच डॉक्टर दिला आणि २०१७ मध्ये नेक्रोमॅन्सर परत आणला, तोही वेगळे पैसे घेऊन. तिथे तुमचा राग शंभर टक्के मान्य.