८वी भारतीय डिव्हिजन, इटली : तीन '१/५' आणि तीन 'मराठा' कसे?

इतिहासवेडा :
दुसऱ्या महायुद्धातल्या ८व्या भारतीय इन्फंट्री डिव्हिजनची रचना कागदावर मांडतोय आणि अडलोय. १९४३च्या शेवटी इटलीत असताना '१/५' हा आकडा तिच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये दिसतो. एकच पलटण (बटालियन) तीन ठिकाणी कशी? 'मराठा' हे नावही पायदळात, मशिनगनवाल्यांत आणि रणगाडाविरोधी तोफखान्यात, असं तिन्हीकडे येतं. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे हे दोघे याच डिव्हिजनचे धरायचे का?

पलटणवाचक :
त्या तीन वेगळ्या पलटणी आहेत. तिरप्या रेघेनंतर रेजिमेंटचा क्रमांक आणि रेघेआधी बटालियनचा, ही भारतीय पद्धत. म्हणजे १/५ मराठा म्हणजे ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची १ली बटालियन. ती २१ ब्रिगेडमध्ये. १/५ रॉयल गुरखा रायफल्स १७ ब्रिगेडमध्ये. १९ ब्रिगेडमधली १/५ एसेक्स मात्र ब्रिटिश टेरिटोरियल (अर्धवेळ राखीव सैन्यातली) पलटण, तिथे अर्थच बदलतो : एसेक्स रेजिमेंटच्या ५व्या बटालियनचे दोन भाग झाले, त्यांतला पहिला. म्हणून नुसतं '१/५' कधीही लिहू नका, पुढे रेजिमेंटचं नाव हवंच.

तुमची मांडणी अशी बसेल. १७ ब्रिगेड : १ रॉयल फ्युसिलियर्स, १/१२ फ्रंटियर फोर्स रेजिमेंट, १/५ रॉयल गुरखा. १९ ब्रिगेड : १/५ एसेक्स, ३/८ पंजाब, ६/१३ फ्रंटियर फोर्स रायफल्स. २१ ब्रिगेड : ५ रॉयल वेस्ट केंट, १/५ मराठा, ३/१५ पंजाब. प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक ब्रिटिश आणि दोन भारतीय पलटणी, ही १८५७नंतरची जुनी घडी. १९४४मध्ये एसेक्सच्या जागी आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सची १ली बटालियन आली, त्यामुळे तक्त्यावर तारीख टाकल्याशिवाय तो खरा ठरत नाही.

घाडगे या डिव्हिजनचे नव्हेत. ते ३/५ मराठाचे, म्हणजे १०व्या भारतीय डिव्हिजनचे. १० जुलै १९४४ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. जाधव १/५चे, म्हणजे ८व्या डिव्हिजनचे. ही गल्लत फार ठिकाणी छापलेली दिसते. दोघांचीही आठवण नीट ठेवायची तर निदान पलटण तरी बरोबर लिहायला हवी.

तोफखाना :
तुमच्या तक्त्यात नऊ पलटणीच असतील तर अर्धी डिव्हिजन बाहेर राहिली. ३, ५२ आणि ५३ या तीन फील्ड रेजिमेंटांकडे प्रत्येकी २४, एकूण ७२ पंचवीस-पौंडी तोफा. पल्ला साधारण १२ किलोमीटर. ४थी मराठा अँटी-टँक रेजिमेंट हा तुमचा दुसरा 'मराठा'. व्हिकर्स मशिनगनवाली ५वी रॉयल मराठा बटालियन हा तिसरा. टेहळणीला ६ लान्सर्स. शिवाय सॅपर्सच्या (लष्करी इंजिनियरांच्या) फील्ड कंपन्या, सिग्नल्स, दवाखाने, वाहतूक.

हे सगळं का लागतं ते इटलीतल्या सांग्रो नदीच्या लढाईत दिसतं. नोव्हेंबर १९४३, पावसाने नदी फुगलेली. १७ ब्रिगेडचे गुरखे आणि फ्युसिलियर्स रात्री मोझाग्रोन्या गावात शिरले, पण वाट उखडलेली असल्याने रणगाडे आणि रणगाडाविरोधी तोफा मागून पोचू शकल्या नाहीत. जर्मनांनी आग ओकणारे रणगाडे आणले. रायफल आणि ब्रेनगन (हलकी मशिनगन) घेऊन त्यांच्यापुढे टिकाव धरता येत नाही; जिंकलेलं गाव सोडावं लागलं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा घ्यावं लागलं.

सॅपर_मन :
वरच्या मुद्द्याला जोडून, कॅसिनोजवळची गारी नदी. ११ मे १९४४च्या रात्री ११ वाजता तोफा सुरू झाल्या आणि पाऊण तासाने होड्या पाण्यात पडल्या. उजवीकडे १७ ब्रिगेड, डावीकडे १९, राखीव २१. पात्र अरुंद, १५-२० मीटरचंच, पण ओढ जबर. होड्या खाली वाहून गेल्या आणि धूर धुक्यात मिसळून हाताचं बोट दिसेना.

अशा वेळी निकाल पुलावर लागतो. पायदळ पलीकडे पोचलं तरी पहाटे रणगाडे आले नाहीत तर ते कापलं जातं. सॅपर्सनी 'ऑक्सफर्ड' हा बेली पूल (सुटे तयार भाग जोडून होणारा लोखंडी पूल) सकाळपर्यंत उभा केला. 'प्लिमथ'ची रीत वेगळी होती : बुरूज काढलेल्या शेरमन रणगाड्याच्या पाठीवर तयार बेली पूल ठेवला, मागून दुसऱ्या रणगाड्याने रेटा दिला, पुढचा रणगाडा नदीत उतरवला आणि पूल पलीकडच्या काठाला टेकवला. त्यावरून कॅनडाचे रणगाडे गेले. शेजारच्या ४थ्या ब्रिटिश डिव्हिजनचा 'अमेझॉन' पूल १३ तारखेच्या पहाटे झाला. एका दिवसाच्या त्या फरकाची किंमत त्यांच्या पायदळाने मोजली. सांत'आन्जेलो गाव १३ मेला १/५ गुरख्यांनी घेतलं. ३/८ पंजाबचे कमल राम यांचा व्हिक्टोरिया क्रॉस याच लढाईतला, १२ मेचा.

पलटणवाचक :
सेनिओ नदीची लढाईही तक्त्याशेजारी लिहा. ९ एप्रिल १९४५. तिथे पाण्यापेक्षा काठ अवघड : दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध, त्यांत खणलेली मोर्चेबंदी, उतारावर सुरुंग. आधी बाँबफेक, मग तोफा, मग ज्वालाफेकी गाड्या, आणि त्यानंतर १९ व २१ ब्रिगेडचं पायदळ. नामदेव जाधव कंपनीचे निरोप्या होते. दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या बांधावरून त्यांनी मागे आणलं. मग एकट्याने मशिनगनची ठाणी बंद पाडली; हात जखमी झाल्यावर टॉमीगन सुटली तेव्हा हातबाँब वापरले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. त्याच दिवशीच्या पराक्रमासाठी ६/१३चे अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इतिहासवेडा :
तीनही '१/५' सुटले, आभार. पडलेल्यांची नावं पलटणीनुसार कुठे मिळतील?

तोफखाना :
युद्धातल्या मृतांची थडगी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरच्या शोधात रेजिमेंट आणि तारखांची मुदत टाका. युद्धस्मशानभूमी अशा : १९४३च्या हिवाळ्यासाठी सांग्रो रिव्हर, १९४४ साठी कॅसिनो, गॉथिक लाइन (उत्तर इटलीतली जर्मन बचावफळी) आणि १९४५ साठी फोर्ली. हिंदू आणि शीख जवानांची नावं थडग्यांत सापडली नाहीत तर तिथली दहनस्मारकं बघा. यादी तिथे वेगळी असते. पलटणींच्या युद्ध-रोजनिशा लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. मागणी करताना पलटणीचं पूर्ण नाव आणि वर्ष द्या. नुसतं '१/५' लिहिलंत तर एसेक्सची रोजनिशी हातात येईल.