लग्नपत्रिकेवर जुनी तिकिटं लावावीत का?

जर्सीकर: भाचीचं लग्न आहे इथे न्यू जर्सीत, पत्रिका छापून आल्यात आणि घरात वाद चाललाय तो पाकिटावरच्या तिकिटांवरून. ती म्हणते जुनी कोरी तिकिटं लावायची, तीन-चार मिळून एका पाकिटाला, आणि मला ते मनापासून पटलंय. अमेरिकेत 1861 पासूनचं न वापरलेलं तिकीट आजही छापील किमतीला चालतं. एक औंसाच्या (साधारण 28 ग्रॅम) पाकिटाला जुलै 2025 मध्ये 78 सेंट झाले, त्याचा हिशोब आम्ही असा बसवला: गांधीजींची 1961 ची दोन, एक 8 सेंटचं एक 4 चं, आणि 1999 ची 33 सेंटवाली दोन. अमेरिकेने गांधीजींवर 26 जानेवारीला तिकीट काढलं होतं हे आमच्याकडच्या कितीतरी पाहुण्यांना माहीतच नसेल, ते त्यांच्या हातात पडावं असं फार वाटतं. मतं सांगा, विरोधातली पण.

जुना_अल्बम: माझा विरोध. साठ वर्षं कुणीतरी ते तिकीट जपलं, डिंक शाबूत, दातेरी कडा शाबूत, आणि तुम्ही ते चिकटवून त्यावर शिक्का मारून घेणार. बरं पाहुणे काय करतात, पाकीट टराटरा फाडतात, पत्रिका फ्रिजवर लावतात आणि पाकीट केरात. अल्बममध्ये असतं तर पुढच्या पिढीने बघितलं असतं ना.

जर्सीकर: पण ही तिकिटं दुर्मिळ नाहीयेत हो. त्या काळात लोकांनी पुढे भाव येईल म्हणून अख्खी शीट्स घेऊन कपाटात ठेवली, तो भाव कधी आलाच नाही, आज डीलर ती छापील किमतीपेक्षा कमीत घेतात. दुर्मिळ असतं तर मी हात लावला नसता. पत्र पोचवायला केलेली वस्तू पत्रावर लागली तर त्यात तिचा अपमान कसला?

सॉर्टिंगवाली: माझा नवरा इथे पोस्टात आहे म्हणून लिहिते, हौस ठीक आहे पण पत्रिका पोचली पाहिजे. नव्या तिकिटांवर डोळ्यांना न दिसणारा फॉस्फरचा थर असतो, मशीन तो बघून पाकीट सरळ करतं आणि शिक्का मारतं. अमेरिकेत तो 1963 पासून आला म्हणजे तुमच्या गांधीजींच्या तिकिटांवर नाहीच, 33 वाल्यांवर असेल, तर ती वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवा. आणि वजन करून बघा!! जाड कागद, आत उत्तराचं कार्ड, त्याचं पाकीट, एक औंस कधी ओलांडतं कळतही नाही, मग वर 29 सेंट. पाकीट चौकोनी असेल किंवा लाखेचा शिक्का लावला असेल तर अजून जास्त. काउंटरवर जाऊन हाताने शिक्का मारायची विनंती करा, काही पोस्टमास्तर आनंदाने मारतात, काही सरळ नाही म्हणतात.

कल्याणकर: मला हे सगळंच पटत नाही. आमच्याकडे पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायचं, जवळच्यांना घरी जाऊन अक्षत द्यायची, बाकीच्यांना पूर्वी बुकपोस्टाने, म्हणजे छापील कागदांसाठीच्या स्वस्त टपालाने, पाकीट उघडं ठेवून. कुठलं तिकीट आहे ते कोणी बघितलंय? आपल्याला बोलावणं आलं की नाही आणि नाव नीट लिहिलंय की नाही एवढंच माणूस बघतो. तिकिटं शोधण्यात जे आठ दिवस घालवाल त्यात दूरच्या आत्यांना फोन करून होतील.

जर्सीकर: फोन करणारच आहोत काका, पण इथे माणसं एका राज्यात एक अशी पसरलीत, सगळ्यांच्या दारात जाणं जमत नाही, म्हणून तर पाकिटावर एवढा जीव टाकतोय.

टेम्सकाठी: इंग्लंडमध्ये कोणी हे वाचून करायला जाईल म्हणून सांगतो, इथे नियम वेगळे आहेत. राणीच्या चेहऱ्याची रोजची बारकोड नसलेली तिकिटं 31 जुलै 2023 नंतर चालत नाहीत, बदलून घ्यावी लागतात. विशेष प्रसंगांची चित्रवाली चालतात. शिलिंग-पेन्सच्या जमान्यातली, म्हणजे 1971 च्या आधीची, नाही चालत. माझा धाग्याला पाठिंबाच आहे, फक्त देश बघून करा.

जुना_अल्बम: दुर्मिळ नाहीत हा मुद्दा मान्य, तरी मन घेत नाही. रोज थोडी थोडी केरात गेली की सामान्य वस्तू पण एक दिवस दुर्मिळ होते. निदान चांगल्या मधोमध छापल्या गेलेल्या प्रती बाजूला काढा आणि डाग पडलेली, डिंक गेलेली लावा, त्याला माझी हरकत नाही, गोंदाची कांडी वापरा म्हणजे झालं.

जर्सीकर: हे मात्र करणार, आज रात्रीच निवडायला बसतो.

सॉर्टिंगवाली: अजून एक, ऑनलाइन निम्म्या किमतीत हल्लीची फॉरेव्हर तिकिटं (किंमत न छापलेली, दर वाढला तरी चालणारी) मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका, ती बहुतेक खोटी असतात, आणि खोट्या तिकिटांचं पाकीट पोस्ट बेवारस धरतं, पाहुण्यालाही मिळत नाही आणि तुम्हालाही परत येत नाही. जुनी घ्यायची तर ओळखीच्या डीलरकडून घ्या आणि आधी एक पाकीट स्वतःच्याच पत्त्यावर टाकून बघा.