हौशी भयपटासाठी दृश्यपरिणाम शिकताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न
आम्ही काही मित्र मिळून एक लघु भयपट करत आहोत. एका प्रसंगात नायिका आरशासमोर केस विंचरत असताना तिच्या मागे उभी असलेली एक आकृती आरशात दिसते, प्रत्यक्ष खोलीत मात्र कोणीच नसते. मला संकलन जुजबी येते, व्हीएफएक्स (दृश्यपरिणाम) मुळीच येत नाही. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर शिकावे की दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील फ्यूजन हा दृश्यपरिणामांचा विभाग, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. चित्रीकरण मोबाइलवर होणार आहे.

उत्तर १
या प्रसंगात त्रिमितीय असे काहीच नाही, त्यामुळे ब्लेंडर तूर्त बाजूला ठेवावे. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही फ्यूजन आहे आणि त्यातले मास्किंग, म्हणजे चित्राचा हवा तेवढाच भाग वेगळा काढणे, नीट आले तरी आपले काम भागेल. खरी कसोटी चित्रीकरणाच्या वेळीच लागते. कॅमेरा तिपाईवर थोडा तिरका लावून एक टेक नायिकेचा, एक केवळ आकृतीचा आणि एक रिकाम्या खोलीचा, म्हणजेच क्लीन प्लेट, असे तीन टेक घ्यावेत. नंतर दुसऱ्या टेकमधील आरशाच्या ज्या भागात आकृतीचे प्रतिबिंब आहे, तेवढाच भाग मास्क करून पहिल्या टेकवर बसवावा. नायिकेचा हात त्या भागावरून गेला, तर फ्रेममागून फ्रेम रोटोस्कोपी करत, म्हणजे हाताची कड दर फ्रेममध्ये नव्याने आखत बसावे लागते. म्हणून दोघींची प्रतिबिंबे एकमेकींवर येणार नाहीत अशा जागा आधीच ठरवाव्यात. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करावेत. मोबाइलचे स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरे कमी करणारी सोय, हीही बंद ठेवावी, कारण कॅमेरा स्थिर असतानाही ती चौकट किंचित सरकवू शकते.

उत्तर २
सगळेच संगणकावर करण्याचा आग्रह मला पटत नाही. पारदर्शक आकृती हवी असेल, तर १८६२ साली लंडनच्या रंगमंचावर गाजलेली ‘पेपर्स घोस्ट’ ही युक्ती आजही चालते. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत स्वच्छ काच उभी करावी आणि चौकटीबाहेर, काळ्या कापडासमोर उभ्या केलेल्या कलाकारावर प्रकाश टाकावा. तो प्रकाश कमीजास्त केला की आकृती उमटते किंवा विरते. काच मोठी लागते आणि तिच्यात भलतेच काही दिसू नये म्हणून बराच खटाटोप करावा लागतो, हे खरे; पण आकृती थेट कॅमेऱ्यातच उमटते. नायिकेला मात्र ती दिसत नाही.

उत्तर ३
भयपटात जोडकाम, म्हणजे वेगवेगळ्या टेकचे भाग एकत्र बसवणे, उघडे पडते ते बहुधा काळ्या रंगामुळे. वेगळ्या प्रकाशात चित्रित केलेली आकृती खोलीतील सर्वांत गडद सावलीपेक्षाही काळी असली, तर ती चिकटवल्यासारखी दिसते. जोडकाम झाल्यावर गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) तात्पुरता वाढवून पाहावा, म्हणजे अंधारात दडलेल्या कडा दिसतात. नॉइज (चित्रातले नको असलेले ठिपके) वेगवेगळा असेल, तर शेवटी संपूर्ण दृश्यावर एकच ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा बारीक कणांचा पोत, द्यावा. तसेच अंधारात चित्रीकरण न करता पुरेशा प्रकाशात करून ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग आणि उजेड ठीक करताना, दृश्य गडद करावे. मोबाइलचे सेन्सर लहान असल्याने अंधारात नॉइज फार वाढतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. हा शॉट हातात कॅमेरा धरून घेतल्यासारखा थरथरता हवा असेल, तर ट्रॅकिंग (कॅमेऱ्याच्या हालचालीचा माग काढून जोडलेला भाग तसाच हलवणे) शिकावेच लागेल का?

उत्तर १
या शॉटसाठी तरी नाही. चित्रीकरण ४के या मोठ्या आकारात करून अंतिम चित्रपट १०८० या लहान आकारात काढावा. चौकटीभोवती मोकळी जागा उरते, आणि जोडकाम पूर्ण झाल्यावर संपूर्ण दृश्याला हवी तेवढी थरथर देता येते.