मदत हवी आहे : क्राकुफचं सेंट मेरी चर्च

मंडळी, ऑक्टोबरमध्ये आईबाबांना घेऊन पोलंडला जातोय. क्राकुफच्या मुख्य चौकातलं सेंट मेरी चर्च बघायचंच आहे, त्यातही शिल्पकार फाइट श्टोसची लाकडी वेदी, म्हणजे कपाटासारखी दारं असलेला कोरीव मूर्तींचा भव्य देखावा. १४७७ ते १४८९, बारा वर्षं खपून केलेलं काम, उंची साधारण १३ मीटर! तिची दारं ठरावीक वेळी उघडतात, तो क्षण गाठायचा तर तिकीट किती आधी काढावं? आत बसायला मिळतं का? आईचे गुडघे दुखतात, म्हणून मनोऱ्याचा नाद सोडलाय. पण दर तासाला वरून वाजणारी आणि मध्येच तुटणारी ती ट्रम्पेटची धून खालून नीट ऐकू येते ना? बाबांना तिचंच जास्त वेड. चौकात उभं राहायला बरी जागा कोणती?